चौथं पावतीपुस्तक

तीन पुस्तकं संपली. चौथं उघडलंय.
वरची गडद पावती देणाऱ्याची,
कार्बनखालची पुसट, ती मंडळाची.
पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं मी हेच केलं.
तिथं पाण्याची पाळीपत्रकं होती,
इथं माणसांची नावं.

मंडळाची खोली एकच.
पूर्वी तिथं चार माग होते, फरशीत त्यांच्या बोल्टांची भोकं आहेत,
कॅरमची सोंगटी पडली की घरंगळत नेमकी तिथंच जाते.
संध्याकाळी सहाला एका भिंतीशी तबला,
समोरच्या भिंतीशी मुलींचा नाच,
मधे कॅरम,
दाराशी चित्रकलेची पोरं, मांडीवर पाट घेऊन.
इस्माईल मास्तर सोळा मात्रा मोजत असतात
आणि बरोबर तेरावीला कुणीतरी ओरडतं,
"राणी गेली!"
कार्यक्रम असला की मुली कपडे बदलतात
दोघींनी ताणून धरलेल्या चादरीमागं.

म्हणून मागची भिंत पाडायची, पंधरा फूट वाढवायचं.
अंदाज सात लाख चाळीस हजार.
जमा एक लाख शहाण्णव हजार पाचशे तीन.
हे वरचे तीन चित्रकलेच्या पोरांचे.
त्यांनी पावती मागितली. दिली.
अक्षरी रुपये तीन फक्त.

विट्याच्या गल्ल्या मला एवढ्या लांब कधी वाटल्या नव्हत्या.
सुताच्या दुकानात मालकांनी पंखा लावला, चहा पाजला,
धाकट्याच्या लग्नाचा अल्बम दाखवला,
मग म्हणाले, पुढच्या महिन्यात या.
पुढचा महिना हा आमच्या गावाचा तेरावा महिना.
भिंगारदेवे सराफ पन्नास हजार देतो म्हणाले,
दारावर वडलांचं नाव,
अक्षरं नऊ इंच.
मंडळाची सहाच इंच आहेत.
मीटिंग रात्री साडेअकरापर्यंत चालली, साडेसात इंचांवर मिटली.
मागून कुणीतरी हळूच म्हणालं, साडेसाती.
चेक अजून यायचाय.

मग गलाईवाल्यांची यादी काढली.
अर्धं गाव सोनं गाळायला परमुलखात,
मदुराई, लुधियाना, गुवाहाटी.
फोन लावला की मागं भट्टीचा आवाज,
आणि आपला माणूस तिसऱ्याच भाषेत कुणावर तरी खेकसत असतो.

त्रिशूरचे बंडोपंत शेंडगे सगळं ऐकून गप्प झाले.
मला वाटलं, लाईन गेली.
"मागच्या भितीला, डावीकडं, एक खिळा हाय का वो अजून?"
बघून सांगते म्हटलं.
"आईचं लुगडं आडकवायचो त्याला.
तीन वर्सं नायकिणीचं काम केलं मी. मंदाकिनी.
टाळ्या पडायच्या.
चौथ्या वर्षी वडलांनी गाडीत बसवलं."
भट्टीचा आवाज.
"पंचवीस हजार लिवा. माझं नाव नको.
मंदाकिनीचं लिवा."

मी म्हटलं, ऑडिटला काय सांगू?
ते हसले नाहीत.
म्हणाले, "सांगा, हुती."

फोन ठेवून मागच्या भिंतीशी गेले.
खिळा आहे. गंजलाय, जरा वाकलाय,
आणि त्यावर घुंगरांची पिशवी अडकवलेली.
कुणाची, ते विचारलं नाही.
गवंड्याला मात्र सांगितलं,
भिंत पाडशील त्या दिवशी आधी मला हाक मार.

आता लिहिते आहे.
श्रीमती मंदाकिनी, मुक्काम त्रिशूर.
इस्माईल मास्तर खांद्यावरून वाकून बघतात,
काही बोलत नाहीत, बोटांनी टेबलावर ठेका धरतात.
अजून पाच लाख अठरा हजार चारशे सत्त्याण्णव हवेत.
कार्बन जुना झालाय.
मी पेन दाबून धरते.
खालच्या कागदावर
उमटायला हवी ती.